‘उलटी गाडी’ची शेवटची रेकॉर्ड

आमच्या रेकॉर्डवर दर मार्चात एक गाणं आपोआप वाढतं. मी आयुष्यभर थापा मारल्या, हे दौंडात कुणीही सांगेल. ही त्यातली नाही.

‘उलटी गाडी’ हा आमचा पंक बँड. वत्सला ओरडायची, मी ड्रम बडवायचो. त्र्याऐंशी साली आम्ही चार गाण्यांच्या शंभर रेकॉर्डी काढल्या. कुणी ऐकल्या नाहीत. लोकांनी त्या गरम पाण्यात वाकवून फुलांच्या कुंड्या केल्या. उरली ती माझ्याकडची. आज तिच्यावर शेहेचाळीस गाणी आहेत.

गाण्यांना जागा लागते. बाहेर कड असल्यामुळे ती आत सरकतात, मधल्या गोल कागदाकडे. तिथे आमची नावं हाताने लिहिलेली, एकात एक गोल. तालमीत जो जास्त चुकेल त्याचं नाव बाहेर, असा आमचा कायदा होता. सगळ्यात बाहेरचं नाव गाण्यांच्या रेघांखाली गेलं. वत्सलाच्या वहीत ‘ऑस्कर, गिटार’ अशी नोंद आहे. आम्हा दोघांनाही तो आठवत नाही. जुन्या फोटोत आमच्यामध्ये एक गिटार हवेत उभी आहे.

आता ‘वत्सला’ची शिरोरेघ गेली आहे. अक्षरं नुसती लोंबकळताहेत.

आज एकतीस मार्च. दुपारी ती आली आणि चहासुद्धा न घेता झडती सुरू केली. ही गाणी मीच चोरून भरतो, असा तिचा संशय. तिने पलंगाखाली पाहिलं, ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घातला. ती मोरीत गेली तेव्हा मीही तिची पर्स तपासून घेतली.

मग ती रेकॉर्ड उजेडात धरून बसली.

“सुदाम, सगळ्यात जास्त तूच चुकायचास. मग तुझं नाव भोकाला चिकटून कसं?”

“नावं मी लिहिली. तू वडा खायला गेली होतीस.”

“आणि हे आज सांगतोस?”

“तू कधी विचारलंस?”

ती हसली नाही. म्हणाली, “पेन घे. माझं नाव आत लिही, तुझं बाहेर. अजून वेळ आहे.”

मी खिशातलं पेन काढलं, झटकलं, कागदावर ओढून दाखवलं. टोपण काढलं नव्हतं, हे तिला चष्म्याशिवाय दिसलं नसावं.

“वाळलंय गं,” मी म्हणालो.

तिने रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. सत्तेचाळिसावं गाणं सुरू झालं. छोटंसंच होतं, सव्वा मिनिटाचं. बाईचा आवाज चांगला होता.

समोरच्या खुर्चीत एक बाई बसल्या आहेत. केव्हा आल्या, कळलं नाही. कोण हवंय, असं मी विचारलं. वर या मजकुरात मी तीन ठिकाणी ‘वत्सला’ असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

बाईंनी अंबाड्यातला आकडा उपसला आहे. रेकॉर्ड फिरते आहे, आणि त्या आकड्याचं टोक माझ्या नावावर हलकेच टेकवताहेत.