अकरा माणसांची कंपनी

देविकाच्या कंपनीत अकरा माणसं होती, असं निदान कागदावर तरी होतं. प्रत्यक्षात होती एकटी देविका. बाकीची दहा कुठून आली याचा दोष तिच्या वडिलांना, अण्णासाहेबांना द्यावा लागतो, आणि तो घ्यायला ते आजही तयार नाहीत.

देविकाचं काम सोपं सांगायचं तर असं: कारखान्यातल्या यंत्राला छोटा माइक लावायचा, आवाज बदलला की यंत्र बंद पडण्याआधीच इशारा द्यायचा. पाच वर्षांपूर्वी अशा धंद्याला पंधरा-वीस इंजिनियर लागले असते. आता कोड लिहायला, तपासायला, पत्रांना उत्तरं द्यायला तिच्याकडे एआयचे दहा प्रोग्राम होते. ते ना चहा मागत, ना रजा. तिच्या ओळखीचे स्टार्टअपवाले पूर्वी ‘आमची टीम चाळीसची’ म्हणून मिरवायचे. हल्ली ‘आम्ही दोघंच’ म्हणून मिरवतात. मानेसरच्या गिअर कारखान्याला मात्र ही हवा लागली नव्हती. त्यांचं कंत्राट मागायच्या फॉर्मवर रकाना होता: ‘कर्मचारी, किमान दहा.’ दिल्लीच्या मंत्रालयात बत्तीस वर्षं फायली हाकलेल्या अण्णासाहेबांनी लेकीच्या वतीने तो भरला आणि ‘११’ लिहून मोकळे झाले.

“अण्णा, अकरा कोण?”

“तू, आणि तुझे ते दहा प्रोग्राम. काम करतात ना? मग झाले कर्मचारी! रकाना पटला नाही की फाइल परत येते. मला नको शिकवू.”

फाइल परत आली नाही, पण ऑफिस बघायला खुद्द मलिकसाहेब येणार असा निरोप आला. कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे. देविकाला वर्षभरात दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं; हे गेलं तर कंपनीला कुलूप लावून गुडगावातली जुनी नोकरी परत मागायची, एवढंच उरलं होतं. “सरळ खरं सांगते,” ती म्हणाली. “आणि मग फॉर्म खोटा ठरेल त्याचं काय?” अण्णासाहेब म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकं करणाऱ्यांना फोन लावले. देविकाने त्यांना अडवलं नाही. त्याची तिला नंतर फार लाज वाटली.

शनिवारी सकाळी देविकाच्या गाझियाबादमधल्या एका खोलीच्या ऑफिसात दहा माणसं लॅपटॉपसमोर बसली. वासंतीकाकू झाल्या ग्राहकसेवा प्रमुख. बँकेतला पुष्कर झाला मुख्य इंजिनियर. अण्णासाहेब टाय लावून अध्यक्ष.

मलिकसाहेब आले ते बसलेच नाहीत. थेट वासंतीकाकूंपाशी गेले.

“मैडम, हमारी लाइन रुक गई तो आप क्या करेंगी?”

काकूंनी इंग्रजीतली तीन वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही इथे बसेना.

“मैं ना… देविका को फोन करूँगी.”

“और आप? अलार्म गलत निकला तो?”

“देविका से पूछना पड़ेगा, सर,” पुष्कर म्हणाला.

तिसऱ्याने तर प्रश्न संपायच्या आतच खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात देविका उभी होती. आता मात्र तिला राहवेना.

“सर, माफ कीजिए. ये सब हमारे मंडल के लोग हैं. कंपनी में मैं अकेली हूँ, बाकी काम एआई करता है. फॉर्म में ग्यारह गलत लिखा है.”

अण्णासाहेब चष्मा पुसत बसले, जणू जगात तेवढं एकच काम शिल्लक होतं.

मलिकसाहेबांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसले.

“पिछली कंपनी में साठ लोग थे,” ते म्हणाले. “मशीन रुकी तो पहला दूसरे का नंबर देता, दूसरा तीसरे का. फिर उन्होंने फोन पर भी एआई बिठा दिया. बड़े प्यार से बात करती थी जी, और लाइन छह घंटे बंद पड़ी रही. यहाँ कम से कम सब एक ही नाम तो ले रहे हैं.” मग आवाज कडक करून म्हणाले, “पर झूठ दोबारा नहीं. और आप बीमार पड़ गईं तो?”

“एक आदमी रखूँगी, सर. सचमुच का.”

त्यांनी बॅगेतून फॉर्म काढला, ११ वर रेघ मारली आणि शेजारी १ लिहून तिची सही घेतली. दहाच्या अटीचं वरच्यांशी आपण बोलू, असं म्हणाले. तोवर एका लाइनवर तीन महिने चाचणी. देविकाच्या जिवात जीव आला. मागून वासंतीकाकूंचा “हुश्श!” सगळ्यांना ऐकू गेला.

तेवढ्यात मलिकसाहेबांनी खिशातून फोन काढून नंबर लावला. देविकाच्या हातातला फोन वाजला. समोरासमोर, दोन हातांच्या अंतरावर उभी असूनही तिने तो उचलला.

“हाँ सर, बोलिए.”

“बस, यही देखने आया था,” म्हणत त्यांनी फोन बंद केला.

देविकाने मात्र तो बराच वेळ कानालाच धरून ठेवला. खाली घेतला असता तर सगळ्यांसमोर तिला रडू फुटलं असतं.