एमरेची चौकशी

रेणूचा जीव टांगणीला लागला होता. नागपूरहून अमेरिकेत, नोव्हायला तिच्याकडे आलेली आई परत जायच्या आत एमरेला हो म्हणाली, तर घरातले सगळेच हो म्हणणार होते. आणि एमरे पडला इस्तंबूलचा. रेणूच्याच ऑफिसात गाड्यांचे ब्रेक तपासणारा, मऊ आवाजाचा.

स्थळ आलं की चौकशी करायची, ही आईची, म्हणजे मीनाक्षीबाईंची, रीत. अमरावतीचा मुलगा असता तर चार फोनांत त्याच्या आत्याचा स्वभावसुद्धा कळला असता. इस्तंबूलला फोन कुणाला लावणार? मग रेणूनंच लायब्ररीतून तीन तुर्की सिनेमांच्या डीव्हीडी आणल्या. वाटलं, आई बघेल आणि म्हणेल, आपल्यासारखीच आहेत की माणसं!

आईनं सिनेमे बघितले खरे, पण सोयरे निरखावेत तसे. सबटायटल्स रेणूनं वाचून दाखवायची, आईनं "हं" म्हणायचं. खिडकीबाहेर मिशिगनचा बर्फ, टीव्हीत तुर्कस्तानचा बर्फ, आणि मधे सोफ्यावर शाल पांघरून आई ओवी जुळवत बसलेली:

"बर्फ पडे दारी बाई, बर्फ पडे रानी,
बाप बोलेना लेकीशी, गोठली गं त्याची वाणी."

रविवारी एमरे त्यांच्याकडची मिठाई, बकलावा घेऊन आला. आईनं त्याला समोरच बसवलं.

"विचार याला, याचे वडील मुलीशी बोलतात का? तिन्ही सिनेमांत बाप गप्पच."

"आई, ते सिनेमे आहेत यार!"

"विचार गं."

रेणूनं विचारलं. बाबा रोज फोन करून बहिणीचं डोकं खातात, असं एमरेनं सांगितलं.

"बरं. आणि गाव सोडून शहरात आलेले ते पुरुष? खिडकीशी उभे राहून नुसते सिगरेटी फुंकतात. कामाला जातात कधी?"

रेणूनं सांगताच एमरे घाईनं म्हणाला, "नो स्मोकिंग, काकू!"

"आणि त्या पोरीची शाळा सोडवली, भावाच्या इभ्रतीपायी! याच्याकडे मुली शिकतात?"

बहीण दातांची डॉक्टर निघाली. आईचा चेहरा जरा सैलावला. "कॉफी करते," म्हणत ती आत गेली.

एमरेनं पहिला घोट घेतला आणि त्याचे कान लालबुंद झाले. डोळ्यांत पाणी आलं. पण गड्यानं कप काही खाली ठेवला नाही. संपवत आणला आणि म्हणाला, "व्हेरी गुड, काकू."

रेणूनं तळाचा घोट चाखला. "आई! मीठ?"

"मग? परवाच्या सिनेमात नाही का, मुलगी मागायला आलेल्याला खारट कॉफी देतात. तोंड वाकडं न करता प्यायला, तर पास."

"अगं, ती मुलगी देते! मुलीची आई नाही!"

"तुला कुठे येते करता?"

रेणूनं एमरेला सगळं समजावलं, तसा तो खो खो हसत सुटला. "आमची रीत होती होय! मला वाटलं, नागपूरला कॉफी अशीच करतात."

रेणूनं ते आईला सांगितलं. आई थक्क झाली.

"म्हणजे माझ्या हाताला चवच अशी, असं समजून बिचारा निमूट प्यायला? अगं, मग हा तुझ्या हातचं खाऊनसुद्धा टिकेल. लाव, बाबांना फोन लाव आधी!"