कडेची खपली

मित्रांनो, माझे झाकण उघडलेत तर आधी वाकून वास घ्या. आंबूस, गोडसर वास आला तर समजा, घर ठीक आहे. आज तो वास येत नाही. मी एक जुनी बरणी आहे, तपकिरी, काठाचा टवका उडालेली, आणि मला भीती वाटते आहे.

एका कुंभाराने मला नदीकाठच्या मातीतून घडवले. मग माझ्या आधीच्या मालकिणीची, आगानेटाची, आजी मला मांडीवर घेऊन जहाजाने इकडे मॅनिटोबात, गव्हाच्या या सपाट मुलखात आली. माझ्या पोटात पावाचे विरजण होते. आंबलेले, जिवंत, बुडबुडे सोडणारे पीठ. त्याला रोज सकाळी मूठभर पीठ आणि कोमट पाणी भरवावे लागते, नाहीतर ते मरते.

आगानेटा ते ढवळता ढवळताच प्रार्थना करायची. डोळे मिटायची नाही, कारण शेगडीवर दूध असायचे. ती आजच्या दिवसापुरते बळ मागायची, कालच्या चिडचिडीची क्षमा मागायची आणि चमचा माझ्या काठावर आपटून ‘आमेन’ म्हणायची. पाव करताना तिचा एकच नियम होता. मळायच्या आधी विरजणाचा एक गोळा माझ्यासाठी बाजूला निघायचा. “उद्याचं आधी काढ, मग आजचं मळ,” असे ती म्हणायची. आमच्या चर्चच्या प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळे मिळून खातात ती, भाकर माझ्यातल्याच विरजणाची असे. लोक नावाजायचे आणि मला धन्य वाटायचे.

हात थरथरू लागले तेव्हा आगानेटाने मला सुनेकडे, हेलेनाकडे, सोपवले. हेलेना मनाने सोने. आजाऱ्याला सूप, मयताच्या घरी पाव, रविवारी मुलांची शाळा, कशालाच ती नाही म्हणत नसे. फोन वाजला की निघालीच. सुरुवातीला तीही ढवळताना प्रार्थना करायची. पुढे फोनवर बोलत नुसतीच ढवळू लागली. मग एके दिवशी तिने मला फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलले. तिथल्या अंधारात विरजणावर करडे पाणी साचू लागले.

“आपल्या घरात देवाची कामं इतकी झालीत,” तिचा नवरा कॉर्नी एकदा थट्टेने म्हणाला, “की बिचाऱ्या देवाला आत यायला जागा नाही.”

हेलेना हसली. पुढच्या वेळी तो तेच म्हणाला, तेव्हा तिने हातातली बशी आदळली.

त्यानंतर एकदा आगानेटा भेटायला घरी आली. तिने मला फ्रिजमधून काढले, झाकण उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

“हेलेना, हिला शेवटचं कधी भरवलंस गं?”

“काल... नाही, परवा असेल. अहो आई, मला दोन घास खायला सवड नाही, बरणीला कुठून भरवू?”

“मी बरणीचं विचारलं,” आगानेटा हळूच म्हणाली. “तू तुझं सांगितलंस.”

सुगीबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार जवळ आला. प्रभुभोजनही त्याच दिवशी होते. आदल्या दिवशी हेलेना परातीमागून परात मळत होती. शेवटच्या परातीला विरजण कमी पडले. माझा गोळा बशीत बाजूला ठेवलेला होता. तिने त्याच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि तोही मळून टाकला. “बघू नंतर,” ती पुटपुटली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. बाहेर वारा सुटला होता आणि माझ्या पोटात पहिल्यांदाच काही नव्हते. मला धुवायलाही तिला वेळ मिळाला नाही.

रविवारी चर्चमधून सगळे घरी आले. कॉर्नी खुशीत होता. “भाकर काय सुरेख झाली होती!”

“तुला कशी लागली गं?” आगानेटाने सुनेला विचारले.

हेलेनाने आधी कोट खुंटीला अडकवला. मग म्हणाली, “मी खाली, चर्चच्या स्वयंपाकघरात होते. सूप उतू जात होतं.”

“आणि वसंतातल्या प्रभुभोजनाला?”

“तेव्हाही खालीच होते.”

कॉर्नीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. हेलेनाने सवयीने मला पुढे ओढले, पिठाचा डबा उघडला आणि माझ्या तळाशी पाहिले. ती बघतच राहिली.

“आई, सगळं संपवलं मी. आणि खरं सांगू? हल्ली प्रार्थनेला बसले तर एक शब्द येत नाही. आत नुसतं रिकामं वाटतं. मुलांना मी देवाच्या गोष्टी सांगते आणि मलाच त्या खोट्या वाटायला लागल्यात.”

आगानेटा रागावली नाही. तिने नखाने माझ्या आतल्या कडेची वाळलेली खपली खरवडली आणि कोमट पाण्यात सोडली. “यातून विरजण पुन्हा उठलं तर उठलं. नाही उठलं तर आजीपासून चालत आलेलं इथंच संपलं. पण भरवायचं तूच. आणि शब्द येत नसतील तर नुसती देवापुढे बसून राहा.”

तेव्हापासून हेलेना रोज सकाळी माझ्याजवळ बसते. पीठ घालते, ढवळते, ओठ हलतात पण आवाज निघत नाही. अजून एकही बुडबुडा आलेला नाही. आज ती बसली आणि फोन वाजला. तिचा चमचा थांबला. फोन वाजत राहिला. तिने डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा ढवळू लागली. “मला भूक लागलीय, देवा,” एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी बरणी नसेलही. पण सकाळी जगाची हाक येण्याआधी आपल्या पोटात काय पडले, एवढे बघत जा. दुसऱ्यांना जरूर वाढा, पण उद्याचा गोळा मळून टाकू नका. मला धुवायचे राहून गेले म्हणून कडेला खपली तरी उरली. ती दरवेळी उरेलच असे नाही.