इरलं पांघरलेला खांब

या मित्रांनो, असे जवळ सरका. कीर्तनात बुवा आख्यान लावतात ना, तसं आज मी माझंच आख्यान लावतो.

मी ताम्हिणी घाटातल्या वळणावरचा, आता जुना झालेला, बोलका खांब आहे. माझ्या डोक्यावरच्या पेटीतून बिनतारी हाक जाते. येणारी गाडी सांगते, ‘मी आले’. मी सांगतो, ‘पुढे धुकं आहे, जपून.’ बुवांनी चरण म्हणावा अन् टाळकऱ्यांनी झेलावा, तसं आमचं चालतं. खाली पुण्याच्या बाजूला दरड आली, तर तिथलं यंत्र जमिनीखालच्या तारेनं मला कळवतं आणि मी गाड्यांना.

माझ्या पायाशी रंभाबाईंची चहाची टपरी. त्या रोज मला फूल वाहत. “माझ्या कैलासला सांभाळ रं देवा,” म्हणत. त्यांचा हा मुलगा हिंजवडीहून प्रवासी घेऊन घाटात येई. पाऊस कोसळू लागला तसा त्यांना माझा कळवळा आला. त्यांनी माझ्या पेटीला चहूबाजूंनी पत्रा ठोकून घेतला. देवाला देऊळ झालं! पण त्या देवळातून माझी हाक बाहेर जाईना.

त्याच दुपारी खाली दरड उतरली. मी ओरडत होतो, ऐकणार कोण? रंभाबाई कैलाससाठी भज्यांचं पीठ कालवत होत्या.

तेवढ्यात कोकणातून आलेला युनूस ड्रायव्हर टपरीवर टेकला. “मावशे, तुझ्या देवाचं तोंड कुणी बांधलं? माझी गाडी हितं मुकीच झाली.”

“बांधलं न्हाई, झाकलंय. लई भिजत व्हता बिचारा.”

“अगं, पत्र्यातनं त्याची हाक जात न्हाई!”

रंभाबाईंचा हात पिठातच थांबला. “आन् माझा कैलास वाटंत हाय!”

दोघांनी मिळून पत्रा उचकटला. पाऊस माझ्यावर येताच त्या माउलीनं पाठीवरचं बांबू-पानांचं इरलं काढलं. “पानांतनं जाईल का रं?”

“जाईल, जाईल!”

इरलं डोक्यावर बसतंय तोच हाक आली, ‘मी आले.’ कैलासची गाडी! मी एका दमात सांगितलं, ‘थांब, पुढे दरड!’

गाडी दरडीच्या अलीकडेच थांबली. रस्ता मोकळा झाल्यावर कैलास वर आला, तर आई नखशिखान्त भिजलेली.

“आये, इरलं कुटं हाय तुजं?”

त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, आम्हा खांबांना जरूर जपा, पण तोंड मोकळं ठेवून. आणि घाटात तुमची गाडी वेळेवर सावध झाली, तर माझं नाव घेऊ नका. माझ्यासाठी भिजलेल्या रंभाबाईंना तेवढं आठवा.