काठावरचं नाव

मी एक जुना पाणवठा आहे. नाशिकजवळच्या एका टेकडीवर, सरकारी जंगलात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, पाणवठा म्हटल्यावर मोठं तळं डोळ्यांपुढे आणू नका. वनखात्याने सिमेंटची एक पसरट बशी जमिनीत बसवली, तो मी. रूप बेताचंच. पण काठ असा उतरता, की सशाने यावं, पाणी प्यावं आणि घसरलाच आत, तर चालत बाहेर पडावं. त्या काठाचा मला फार तोरा होता.

टेकडीवर रोज सकाळी शहरातली माणसं फिरायला येत. कुणी हातवारे करत व्यायाम करी, कुणी खुशाल माझ्यात हात धुऊन जाई. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा दुरुस्त करण्यात हयात घालवलेले भिमाजी मात्र उन्हाळाभर पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चढत. लोक थट्टा करत, "काका, एवढं ओझं कुणासाठी?"

"माझे पाव्हणे हायेत ना वरती," ते म्हणत.

पाणी ओतून झालं की ते माझ्याभोवतीच्या ओल्या मातीकडे वाकून बघत. रात्री येऊन गेलेल्या सशाची पावलं दिसली, की स्वारी दिवसभर खूश.

मग एका उन्हाळ्यात कॅन आलाच नाही. मी कोरडा पडलो. पुढे एके सकाळी त्यांची बायको रंगूबाई आणि मुलगा ललित वर आले, तेव्हा कळलं, भिमाजी गेले. मला फार रडावंसं वाटलं, पण माझ्यात थेंबभर पाणी नव्हतं.

वडिलांची आठवण इथेच राहावी, असं ललितने मनावर घेतलं. वनरक्षक छायाताई म्हणाल्या होत्या, "काठ उतरताच ठेवा बरं का." पण पोरगा वडिलांविषयी बोलतच राहिला आणि त्यांनाही नाही म्हणवेना. माझ्याभोवती काळ्या, चकचकीत दगडाचा कठडा उभा राहिला. त्यावर नाव कोरलं, 'कै. भिमाजी यांच्या स्मरणार्थ'. माझा उतरता काठ त्याखाली बुजला आणि ललितने आणलेल्या पाण्याने मी आता खोल भरू लागलो. फिरायला येणारे माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू लागले.

एका पहाटे सशाचं पिल्लू पाण्याच्या वासाने आलं. उडी मारून कठड्यावर चढलं, वाकलं आणि आत पडलं. बाहेर यायला उतारच नव्हता. त्या गुळगुळीत दगडावर त्याची नखं किती वेळ खरखरत राहिली! मित्रांनो, मला ना हात, ना तोंड. ते माझ्याच पोटात बुडालं.

सकाळी ललितबरोबर पाणी ओतायला आलेल्या रंगूबाईंनी त्याला बाहेर काढलं, पदरात घेतलं. ललितला म्हणाल्या, "फोड तो कठडा."

"आई, बाबांचं नाव आहे त्याच्यावर."

"म्हनून तर फोड. ते पाजायला येत होते रे. त्यांच्या नावाखाली कोनी बुडायला नको."

ललित घाव घालत होता आणि हुंदके देत होता. वडिलांच्या नावाचे तुकडे त्याने एकेक करून पिशवीत भरले. त्या घावांनी मलाही तळापर्यंत तडा गेला. छायाताईंनी तो बुजवून दिला, पण तो पुन्हा पुन्हा उघडतो. सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही.

मित्रांनो, जंगलात या, हिंडा, आमच्यावर माया करा. फक्त काही बांधण्याआधी, काही मांडण्याआधी जरा थांबा आणि आमच्याकडे कोण येतं, कसं येतं, कसं जातं, ते बघा. मायेने केलेली चूकसुद्धा आम्हाला सोसवत नाही.

आता गुडघे धरत रंगूबाईच कॅन घेऊन चढतात. पाणी ओततात आणि भिमाजी बघत तसंच ओल्या मातीकडे वाकून बघतात. तिथे अजून फक्त त्यांची स्वतःचीच पावलं असतात.