पैसे खात्यातच होते

मित्रांनो, मी एक जुनं डेबिट कार्ड आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, आपले सरलेले दिवस आठवून तुमच्या डोळ्यांत पाणी आणावं, अशी पद्धत आहे. मोडकी छत्री, जुनी खुर्ची, बंद पडलेला कंदील तसं बोलत असतील. त्यांना बोलू द्या. माझ्यावर एक आळ आला आहे आणि तो खोटा आहे. तो घेऊन कचऱ्यात जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या एका मोठ्या तावातून झाला. एका यंत्राने आम्हा भावंडांना कापून वेगळं केलं, दुसऱ्याने अंगात सोनेरी चिप बसवली, तिसऱ्याने छातीवर आकडे उमटवले. मग बँकेने मला पाकिटात घातलं आणि सोबत एक गुळगुळीत कागद ठेवला. ‘तुमचे पैसे, केव्हाही, कुठेही’ असं त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखीही बरंच काही होतं. ते कोणी वाचत नाही, आणि कोणी वाचावं म्हणून छापतही नाहीत.

माझी मालकीण शिवणकाम करायची. जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत तिचं दुकान होतं. नवे कपडे शिवण्यापेक्षा जुन्यांची डागडुजीच जास्त असे. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची. गल्लीत कोण सुटलं आणि कोण वाळलं हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. दुकानामागच्या खोलीत तिचे वडील असत. ते पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. सगळी गल्ली त्यांना पेंटरबाबा म्हणायची. न्हाव्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाच्या दारावर त्यांच्या हातची अक्षरं होती, आणि कुठलंही अक्षर दुसऱ्याच्या पायावर पाय देत नसे.

मला बटणांच्या डब्यात जागा मिळाली. नवं शिलाई मशीन आलं ते माझ्यामुळे. पेंटरबाबांचा चष्मा, दिव्याची बिलं, दोऱ्यांची रिळं, सगळ्यासाठी मीच धावलो. मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची, “शहाणं आहे हो माझं कार्ड. आहे तेवढंच देतं, उधारीची सवय लावत नाही.” ते ऐकून माझी छाती फुगायची. माझे ते क्रेडिटवाले चुलतभाऊ बँकेच्या जिवावर उदार होतात. माझ्यात मात्र तिने सुईने टोचून टोचून मिळवलेले पैसे असत, आणि दुसऱ्या कोणाचेही नसत. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी आग तिथेच लागली आहे.

मालकिणीचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. गेली कित्येक वर्षं तो घरी आला नव्हता. इकडे पेंटरबाबांची नजर विझत चालली होती. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, मधला चेहरा दिसायचा नाही. मान तिरकी करून जवळून पाहिलं तर थोडंफार जमायचं. रंगांपैकी पिवळा तेवढा ठळक कळायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वर्षापर्यंत तेही राहणार नाही.

पेंटरबाबा रडणाऱ्यातले नव्हते. ते एवढंच म्हणाले, “दिसतंय तोवर पोराचं तोंड बघू दे एकदा. मग डोळे मिटले तरी माझी तक्रार नाही.”

आणि धाकट्याचा फोन आला. त्याचं जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकणार होतं. खलाशांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती, पण घरच्या माणसांना तासभर जहाजावर येऊ देणार होते. सकाळी एक लाँच, म्हणजे माणसं नेणारी लहान बोट, तिकडे जाणार होती. दुपारी जहाज नांगर उचलणार होतं.

मालकिणीने त्याच दिवशी पिवळं कापड बेतायला घेतलं. भावासाठी शर्ट शिवायचा होता. माप ठाऊक नव्हतं, म्हणून तिने फोनवरच्या आवाजावरून अंदाज बांधला. “आवाज जाड झालाय, म्हणजे गळा मोठा झाला असेल,” असं ती म्हणाली आणि कॉलर वाढवली.

पैशांची व्यवस्थाही तिने शिंप्याच्या रीतीने केली. प्रवासात सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत हा तिचा नियम. हॉटेलच्या एका रात्रीचं भाडं रोख घेतलं आणि पेंटरबाबांच्या कोटाच्या खालच्या दुमडीत कच्च्या टाक्यांनी शिवून टाकलं. लाँचच्या खिडकीवर फक्त कार्ड चालतं असं कळलं होतं, म्हणून दोन तिकिटांचे पैसे माझ्या खात्यात राहू दिले. परतीची बसची तिकिटं आधीच काढली. “कार्डातल्या पैशांना वाटेत कोणी हात लावायचा नाही,” असं तिने वडिलांना बजावलं. पेंटरबाबा म्हणाले, “मी कशाला लावतोय? मला तर माझाच हात नीट दिसत नाही.”

संध्याकाळी आम्ही हॉटेलात पोचलो. काउंटरवर एक तेल लावून भांग पाडलेला कारकून बसला होता. त्याने मान वर न करता हात पुढे केला. “कार्ड द्या.”

“भाडं मी रोख देणार आहे,” मालकीण म्हणाली.

“द्या की. पण कार्ड लागतंच. काही मोडलं-फुटलं तर म्हणून.”

“पैसे कापणार नाही ना?”

“एक पैसाही कापत नाही, मॅडम. पिन दाबा.”

“कापायचे नाहीत तर पिन कशाला?”

“सिस्टिम मागते.”

सिस्टिम मागते! मित्रांनो, या दोन शब्दांपुढे भली भली माणसं गप्प बसतात. तीही बसली. तिने पिन दाबला आणि त्या क्षणी माझ्या पोटातले जवळजवळ सगळे पैसे त्या माणसाने अडवले. याला होल्ड म्हणतात. पैसे खात्यातून जात नाहीत, पण वापरताही येत नाहीत. तुमच्याच घरातली तुमचीच खोली एखाद्या परक्याने कुलूप लावून बंद करावी आणि किल्ली घेऊन फिरायला निघून जावं, तसा हा प्रकार. वर पुन्हा म्हणायचं, तुमचं आम्ही काही नेलंय का?

नेलं असतं तर बँकेने फोनवर संदेश तरी पाठवला असता. अडवल्याचा संदेश माझी बँक पाठवत नाही. मी सगळं पाहत होतो. ओरडता आलं असतं तर अख्खं हॉटेल डोक्यावर घेतलं असतं.

सकाळी मालकिणीने काउंटरपाशी गुडघे टेकले, पेंटरबाबांच्या कोटाची दुमड छोट्या कात्रीने उसवली आणि भाडं रोख चुकतं केलं. कारकून हसला. “बँकच बरोबर घेऊन फिरताय की!” तिलाही हसू आलं. सगळा व्यवहार मिटला असं तिला वाटलं. तिच्या दुकानात तसंच असतं. गिऱ्हाईक पैसे देतं, कपडा घेतं, विषय संपतो.

इथेच ती फसली. भाडं माझ्यातून दिलं असतं तर अडवलेल्या पैशांतून ते वळतं झालं असतं. तिने रोख दिल्यामुळे आता होल्ड सोडणं त्या कारकुनाच्या हाती होतं. त्यासाठी त्याला एक बटण दाबायचं होतं. पण त्याचा डोळा फोनवरच्या कसल्याशा खेळावर होता. त्याने रोकड गल्ल्यात टाकली आणि मला परत देताना तोंडभर म्हणाला, “पुन्हा या.”

धक्क्यावर रांग होती. खिडकीतल्या बाईने मला यंत्रात घातलं. यंत्राने पडद्यावर लिहिलं, नाकारलं. मालकिणीने मला बाहीवर पुसलं. पुन्हा नाकारलं. मी काय मळलेलो होतो म्हणून? पैसे नाहीत असंही ते यंत्र सांगेना, आहेत असंही सांगेना.

“एकच तिकीट द्या. माझ्या वडिलांचं तरी द्या,” मालकीण म्हणाली. एका तिकिटापुरतेही मोकळे नव्हते.

“बाजूला व्हा. पुढचे या.”

तिने मागच्या सभ्य गृहस्थाला विनवलं. “माझ्यासाठी काढता का? घरी पोचताच पाठवते.” तो बायकोकडे वळून म्हणाला, “काय काय युक्त्या काढतात हल्ली लोक!” माझ्या मालकिणीने आयुष्यात कोणाचं बटण ठेवून घेतलं नव्हतं. तिचे कान लाल झाले. त्या माणसाचं तोंड मी विसरलेलो नाही.

तिने हॉटेलला फोन लावला. कारकुनाने हात झटकले. “आम्ही काही घेतलेलंच नाही. बँकेला विचारा.” बँकेत आधी गाणं वाजलं. मग सांगण्यात आलं की तिचा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी बोलली.

“पैसे तुमच्या खात्यातच आहेत, मॅडम.”

“मग द्या ना मला!”

“ते हॉटेलने सोडायला हवेत. नाहीतर कामाचे सात दिवस थांबावं लागेल.”

“अहो, माझा भाऊ नाही थांबणार सात दिवस. त्याचं जहाज आज जातंय. वडिलांना दिसतंय तोवर भेटवायचं होतं हो...”

मुलीने तिला शिकवलेलं वाक्य म्हटलं. “आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?”

आणखी! पहिली कुठे केली होती?

लाँचवाला दोर सोडायला लागला होता. तो वाईट नव्हता. “ताई, यादीत नाव नसेल तर मला नेता येत नाही. माझी नोकरी जाईल. काही द्यायचं असेल तर द्या, पोचवतो.” मालकिणीने शर्टाचं पुडकं त्याच्या हातात दिलं. लाँच निघाली. तो युक्तीवाला गृहस्थ तिच्यात ऐसपैस बसला होता.

मालकिणीने मला मुठीत आवळलं. “मेलं कार्ड,” ती म्हणाली. “ऐन वेळी दगा दिलास.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! अडवलं हॉटेलने, गाणी वाजवली बँकेने, आणि दगाबाज ठरलो मी.

पेंटरबाबा म्हणाले, “वस्तूवर कशाला राग काढतेस, पोरी? त्याला काय कळतंय?” कळतं, पेंटरबाबा. सगळं कळतं.

थोड्या वेळाने फोन वाजला. धाकट्याचा होता. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता. “ताई, शर्ट मिळाला. अगदी बसला बघ. मी डेकवर उभा आहे, तोच काढून हलवतोय. बाबांना दाखव.”

तिच्या मुठीतून मी पाहिलं. दूर पाण्यावर एक करडं जहाज होतं आणि त्याच्या कठड्यावर नखाएवढं पिवळं काहीतरी फडफडत होतं. पेंटरबाबांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. “दिसलं! पिवळं दिसलं मला!” ते दोन्ही हात उंच करून हलवू लागले.

मित्रांनो, ते जहाजाकडे पाहत नव्हते. धक्क्याच्या टोकाला माल उचलायची एक पिवळी क्रेन होती. ते तिला हात करत होते.

मालकिणीने त्यांना वळवलं नाही. फोनमधून धाकट्याने विचारलं, “बघितलं का गं बाबांनी मला?”

“हो रे,” ती म्हणाली. “पोटभर बघितलं.”

पुढच्या आठवड्यात ती दुकानात एका पँटची चेन उसवत बसली होती, तेव्हा संदेश आला की तिची अडवलेली रक्कम मोकळी करण्यात आली आहे. वरातीमागून घोडं. ते पैसे आता घेऊन ती कुठल्या लाँचचं तिकीट काढणार होती?

त्यानंतर तिने मला यंत्रात घालणंच सोडलं. माझी मुदत संपली, नवं कार्ड आलं. मला तिने कात्रीने कापलं मात्र नाही. माझी रुंदी पँटच्या दुमडीला बरोबर पुरते, म्हणून ती मला कापडावर ठेवून खडूने रेघ ओढते. अंगभर खडू माखलेला असतो. काम प्रामाणिक आहे, कोणी मला अडवत नाही. पण ती मला कधी शहाणं म्हणत नाही.

धाकटा गेल्या वर्षी घरी आला, तोच पिवळा शर्ट घालून. तोपर्यंत पेंटरबाबांचे डोळे पुरते गेले होते. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि पाटी रंगवण्याआधी भिंत चाचपावी तसा त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, नाक. मग थांबून म्हणाले, “मिशी कधी ठेवलीस रे? त्या दिवशी नव्हती.”

धाकट्याने ताईकडे पाहिलं. मिशी त्या दिवशीही होती. ताईने नजर खाली केली आणि मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला.

मित्रांनो, आम्हा कार्डांना जपून ठेवा, वाकवू नका, भिजवू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. काउंटरवर कोणी म्हणालं की पैसे कापत नाही, तर लगेच विचारा की अडवता का, आणि सोडणार कधी. आणि उद्या तुमच्यातलाच कोणी त्या काउंटरमागे बसला, तर समोरचा माणूस दाराबाहेर पडायच्या आत ते बटण दाबा. एका बोटाचं काम आहे. त्या दिवशी त्या एका बोटाने आळस केला, म्हणून आमच्या पेंटरबाबांना पोटच्या पोराचा चेहरा दहा बोटांनी शोधावा लागतो.