सतरापर्यंत

चष्मेवाल्याने मोबाइल काउंटरवर आडवा ठेवला आणि त्यावर भिंग धरलं. एरवी हे भिंग तो काचेवरचे ओरखडे शोधायला वापरायचा. आत्ता त्याखाली एक खेळाडू हवेतून हळूहळू खाली येत होता.

"हे बघ, जमिनीला टेकायच्या आधीच हात ताठ झालाय, म्हणजे शुद्ध हवेतच गेली. बोटं बघ, बोटं!"

शेजारचा औषधवाला स्वतःचं दुकान वाऱ्यावर सोडून आला होता. तो वाकला.

"ताठ कसला? फाउल मागतोय तो."

"हवेत?"

"सवय रे. झोपेतसुद्धा फाउल मागत असतील ही पोरं."

चार दिवस झाले तरी भांडण ताजंच होतं. रविवारी पाहुण्या संघाचा बचावपटू, ज्याला सगळे मुंगूस म्हणत, चेंडूसाठी उडाला आणि डोक्यावर डोकं आदळून खाली पडला. चष्मेवाला नेहमीप्रमाणे स्टँडमधून चित्रण करत होता. घरी येऊन त्याने बारा सेकंदांचा तुकडा कापला, संथ केला, आवाज काढून टाकला आणि टाकला इंटरनेटवर. फुटबॉलच्या एका मोठ्या पेजने तो सरळ उचलला. खाली नाव ना गाव. दोन लाख लोकांनी पाहिला आणि त्याखाली हाणामारी जुंपली: बेशुद्ध होता, नाटक होतं, बाहेर काढायला हवं होतं, आमच्या काळी असलं लाडकौतुक नव्हतं. ज्यांचं कधी साधं डोकं दुखलं नसेल तेही मेंदूवर व्याख्यान देत होते. या सगळ्या गदारोळात चष्मेवाल्याने नऊ वेळा लिहिलं होतं, "व्हिडिओ माझा आहे. श्रेय द्या." नवव्या वेळी उत्तर आलं: मूळ व्हिडिओ आवाजासकट पाठवा, नाव टाकतो.

"मग पाठव की," औषधवाला म्हणाला.

"बघू."

"बघू? चार दिवस श्रेय श्रेय करून माझं डोकं खाल्लंस, आणि आता बघू?"

चष्मेवाला भिंग पुसत बसला. ते स्वच्छच होतं.

तेवढ्यात दार ढकलून तिशीतली एक बाई आत आली. फ्रेम्सकडे तिने पाहिलंही नाही.

"काका, त्या व्हिडिओखाली 'माझा आहे' असं तुम्हीच लिहिता ना? मी त्याची मोठी बहीण. मुंगूसची."

औषधवाल्याने झटकन स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना, ताई."

ती बसली नाही. "या रविवारी परत खेळणार म्हणतोय. शुद्ध हरपली असेल तर तीन आठवडे मैदानात पाय ठेवायचा नाही, असा त्यांच्या क्लबचाच नियम आहे. पण सचिव म्हणतात, तीन-चार सेकंद पडला आणि उठला. त्याला स्वतःला काही आठवत नाही. सामना जिंकल्याचं मीच सांगितलं त्याला. दोनदा सांगितलं. तुमच्या व्हिडिओत सगळं संथ आहे, वेळ कळत नाही. मूळचा आहे का हो?"

चष्मेवाल्याने एकदा औषधवाल्याकडे पाहिलं आणि व्हिडिओ लावला. आवाजासकट.

डोकी आदळली, मुंगूस पडला, आणि लगेच एक खणखणीत आवाज उठला: "एक! दोन!" मग पाठोपाठ शे-दीडशे आवाज. समोरच्या संघाचा कोणी आडवा झाला की वेळकाढूपणा करतोय म्हणून मोठ्याने मोजायचं, ही त्यांच्या स्टँडची जुनी खोड. "नऊ! दहा!" मध्येच कोणीतरी खिदळलं. "सोळा! सतरा!" त्यानंतर चित्र क्षणभर मोठं झालं, हललं, मोबाइल खाली गेला, आणि नुसते कोणाचे तरी बूट दिसत राहिले.

"अरे, हा तर तू!" औषधवाला म्हणाला आणि बोलून पस्तावला.

चष्मेवाल्याचे कान तापले. "मीच. सुरुवात मीच करतो नेहमी."

बहीण रागावली नाही. तिने पुन्हा ऐकलं, बोटांवर मोजत. "सतरा. सतराला उठला तो?"

"मोबाइल खाली गेला माझा," तो म्हणाला.

"तुम्ही चला माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर म्हणतील, कापाकापी केलीय."

गिऱ्हाइकं आहेत, असं सांगता आलं असतं. पण दुकानात चिटपाखरू नव्हतं.

मुंगूसच्या क्लबच्या कचेरीत ओल्या जर्सींचा वास होता आणि कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर येत्या रविवारचे अकरा जण लिहिले होते. तिसरं नाव मुंगूसचं. सचिव माणूस भला होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि हसला.

"सतरा का असेना. आघाडीवर होतो आम्ही. वेळ काढत होता तो, मीच शिकवलंय तसं. तुम्ही मोजत होता, सतराला थांबलात, म्हणजे तेव्हा उठला. असंच ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सचिवाला तेच हवं होतं, घरी बसलेल्या त्या पोरालाही तेच हवं होतं. बहीण चष्मेवाल्याकडे बघत होती, आणि तिने फारशी आशा धरली असावी असं दिसत नव्हतं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "उठला नव्हता. बघायला म्हणून मी चित्र मोठं केलं, तर त्याचे डोळे उघडे होते. उघडे होते, पण बघत नव्हते. माझा धंदाच आहे तो, रोज डोळेच तपासतो मी. आवाजच फुटेना. म्हणून थांबलो."

"आणि उठला कधी?"

"आणखी बराच वेळ. पण मग कोणीच मोजलं नाही."

सचिव उठला. त्याने फळ्यावरचं तिसरं नाव अंगठ्याने पुसलं. "पोरगं घर डोक्यावर घेईल," तो बहिणीला म्हणाला.

"घेऊ दे," ती म्हणाली.

जिना उतरताना ती दोन पायऱ्या पुढे होती. चष्मेवाल्याला एकदम मोकळं वाटत होतं; परत गेल्यावर औषधवाल्याला हे कसं सांगायचं त्याची तो मनात जुळवाजुळव करू लागला. खाली पोचल्यावर ती वळली.

"काका, एक विचारू? राग नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारते."

"विचार की."

"तुमचा आवाज एवढा मोठा. शे-दीडशे माणसं तुमच्या मागून ओरडतात." ती जरा अडखळली. "अठराव्या सेकंदाला 'डॉक्टर' म्हणून ओरडला असतात, तर तेही ओरडले असते ना?"

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या, एक सायकल गेली. ती उत्तरासाठी थांबली होती, अगदी मनापासून थांबली होती.